केरीचं शेवाळ

आमची ऋतिका वर्षातून एकदा घरी येते, आणि तेसुद्धा आमच्यासाठी नव्हे, केरीच्या खडकांवरच्या शेवाळासाठी. आईबाप तिला त्या शेवाळावर फुकट मिळतात. आम्ही गोव्यातल्या मुळगावचे, समुद्रकाठचं केरी हे तिच्या आईचं, प्रभावतीचं, माहेर. ऋतिका चेन्नईच्या एका प्रयोगशाळेत असते. त्या तपकिरी शेवाळातला अर्क काचेच्या बशीत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतो म्हणे. केरीची आजी पोटातल्या गाठीने गेली, तेव्हापासून पोरीने हेच धरून ठेवलंय. “औषध कधी येणार?” असं मी दर वर्षी विचारतो. “बाबा, कदाचित येवचांय नाय,” ती म्हणते. हा रोखठोकपणा माझ्याकडूनच गेलाय, पण वर्षातले चारच दिवस तो माझ्या कानी पडतो.

गेल्या जानेवारीत पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला तिने शेवाळ काढलं, समुद्राच्याच पाण्यासकट पिशव्यांत भरून बर्फाच्या पेटीत घरी आणलं आणि मैत्रिणीला भेटायला मये गावी गेली. दुसऱ्या दिवशी तिची गाडी होती. इकडे प्रभावतीला घोर, की लेकीचं शेवाळ वाटेत कुजणार. मासळी सुकवण्यात लहानपण गेलेली बाई ती. तिने पिशव्या फोडल्या, विहिरीच्या पाण्याने शेवाळ खळाखळा धुतलं आणि अंगणात चटईवर उन्हात पसरलं. मला अंघोळीला एक तांब्या जास्त लागला तर ऐकवणारी ही, त्या दिवशी कळशीमागून कळशी ओतत होती.

संध्याकाळी ऋतिका परतली आणि फाटकातच थबकली.

“आई, ह्यां काय केलंस गो?”

“धुवन सुकत घातलंय. खारां तसांच ठेवलां असतां तर कुसलां असतां.”

“गोड्या पाण्यान तेच्यो पेशी फुटतत गो! उरलां-सुरलां उन्हान गेलां.” ती पायरीवर मटकन बसली. “आता अमाशेची ओहोटी येयसर रवाक व्हयां.”

प्रभावती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी मात्र खूश झालो, खोटं कशाला बोलू? लेक पंधरवडाभर घरात! सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की ती अंथरुणातूनच ओरडायची, “बाबा, उंडे!” आणि मी रस्त्याकडे पळायचो. हे असंच चालू राहावं असं मला फार वाटायचं.

अमावास्येला आम्ही तिघंही केरीला गेलो. प्रभावती साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि पिशव्यांत समुद्राचं पाणी भरून लेकीपुढे धरत गेली. दुसऱ्या दिवशी ऋतिका निघाली. ती चटई बरेच दिवस अंगणातच पडून होती. उचलायला आम्हा दोघांचेही हात धजेनात.

परवा तिचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. केरीचं शेवाळ तिकडे टाकीत रुजलं होतं, वाढतही होतं. अर्क तसाच निघतो.

“आता जानेवारीत केरीक येवची गरज नाय, आई! काम किती पुढे गेलां!”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. प्रभावतीने फोन दोन्ही हातांनी धरला होता. आता हिला रडू फुटणार, असं मला वाटलं.

“त्या टाकीत समुद्राचांच पाणी घालतास मां?” तिने विचारलं. “गोडां घालू नको हां, बाय.”