पाठीवरचे नाव

मित्रांनो, मी पत्र्याचे एक म्हातारे तबक आहे, आणि गरम पाण्याची बादली दिसली की अजूनही माझा थरकाप होतो.

रशियातल्या झोस्तोवो गावात ग्लाफिरा नावाच्या बाईने मला मांडीवर घेऊन रंगवले. काळ्याभोर पत्र्यावर आधी गुलाब, मग कळ्या आणि शेवटी केसाएवढ्या बारीक गवताच्या काड्या. त्या काड्यांवरून जाणकाराला हात ओळखू येतो. बायकांनी मालावर नाव घालायचे नाही, असा कारखान्याच्या मालकाचा दंडक होता. ग्लाफिरा कसली ऐकतेय! दार लावून तिने माझ्या पाठीवर तांबड्या रंगात आपले नाव लिहिले आणि कुणालाच सांगितले नाही, पोटच्या पोरीलाही नाही.

पुढे वर्षानुवर्षे ग्लाफिराच्याच घरी माझ्यावर समोवार, म्हणजे चहाच्या पाण्याचा बंब, उकळला. पाहुण्यांनी गुलाबांचे कौतुक केले. पाठीवर काजळीचे थर चढत गेले आणि त्यांच्याखाली ते नाव सुखरूप राहिले. ग्लाफिरा वारली. तिची लेक तैसियाही म्हातारी झाली. शेजारीण क्लावदिया तिला डिवचायची, “म्हणे आईनं रंगवलंय! अगं, असली तबकं जत्रेत ढिगानं मिळायची.”

तैसियाला ते फार लागायचे. आईचे नाव एकदा तरी चारचौघांत लागावे, एवढीच तिची इच्छा होती. तिने माझा फोटो शहरातल्या संग्रहालयात पाठवला. तिथले जाणकार प्लातोन येरेमेयेविच यांचा फोन आला, “तैसिया ग्लेबोव्हना, काड्या कसलेल्या हाताच्या आहेत. कुणाच्या, ते पाठ बघून ठरवू. ईस्टर झाला की येतो.”

पाठ बघायची म्हणजे आधी ती घासली जाणार, हे मी तेव्हाच ओळखले.

ईस्टरआधीच्या गुरुवारी आमच्याकडे सगळे घर घासूनपुसून काढतात. तैसियाने सकाळीच पाणी तापत ठेवले. खिडक्या झाल्या, भांडी झाली. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

“पाठ बघणार म्हणतायत ते,” ती क्लावदियाला म्हणाली, “आणि ही अशी काळीकुट्ट! घरात बाई आहे की नाही, असं म्हणतील.”

“मग घास की, नुसती बोलत काय बसलीस,” म्हणत क्लावदियाने राखेचे डबडे पुढे सरकवले.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. राख, सोडा, कढत पाणी. तैसियाचे हात थांबेचनात. हळूहळू फडके तांबडे झाले.

“बघ, केवढा गंज होता,” ती समाधानाने म्हणाली आणि तिने ते बादलीत पिळले.

प्लातोन येरेमेयेविच आले. त्यांनी मला उजेडात धरून पाठीवरचे ताजे ओरखडे पाहिले. मग समोर बसलेल्या म्हातारीकडे पाहिले. त्यांना सगळे कळले असावे.

“पाठीवर काही नाही,” ते एवढेच म्हणाले. “पण काम फार सुंदर आहे.”

आता मी संग्रहालयाच्या भिंतीवर आहे. खालच्या पाटीवर लिहिले आहे, ‘कारागीर अज्ञात’. तैसिया अधूनमधून येते, ती पाटी वाचते आणि आईवर रागावते, “एवढी राबलीस गं. एक नाव लिहायला काय झालं होतं तुला?”

मित्रांनो, जुनी वस्तू घासण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि तैसिया कुठे भेटलीच, तर तिला यातले काही सांगू नका.