नवसाच्या पाण्याचा तांब्या

मित्रांनो, मला पाहिले की तुमची नजर आधी माझ्या तोंडाशी पडलेल्या पोच्यावर जाते आणि तुम्ही हळहळता. हळहळू नका. तो पोचा पडला त्या दुपारी मी आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम केले, आणि त्याचीच शिक्षा मला सर्वांत जास्त भोगावी लागली. मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. पितळेचा, पोटाने गोल, मानेला आटे आणि वर फिरवून बसवायचे झाकण. प्रवासात पाणी सांडू नये आणि तहान लागली की ते हाताशी असावे, एवढ्याचसाठी आमची जात जन्माला आली.

उज्जैनच्या एका कसेऱ्याने मला ठोकून ठोकून घडवले. तात्यांनी मला विकत घेतले तेव्हा ते ग्वाल्हेर दरबारच्या महसूल खात्यात कारकून होते आणि फ्रीगंजात राहत होते. दौऱ्यावर निघाले की मी बरोबर असायचोच. देवास गेटला मोटारीची वाट पाहताना शेजारचा अनोळखी माणूस म्हणायचा, "बाबूजी, दो घूंट मिलेगा?" तात्या लगेच झाकण फिरवायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग देश स्वतंत्र झाला. दरबार गेला, मध्यभारत राज्य आले. कचेरीचे शिक्के बदलले, साहेब बदलले, तात्या आणि मी तसेच राहिलो. त्याच सुमारास तात्यांची पुतणी प्रतिभा विषमज्वराने अंथरुणाला खिळली. ती आणि तिचा थोरला भाऊ श्रीनाथ, दोघांना आईबाप नव्हते. तात्या आणि त्यांची बायको अक्का यांनीच त्यांना वाढवले होते. ताप उतरेना, तेव्हा तात्या नवस बोलले. पोरगी वाचली तर क्षिप्रेचे पाणी सातपुड्यातल्या डोंगरात गुहेतल्या महादेवाला पायी नेऊन घालीन. त्यांच्या पणजोबांनी तसे नेले होते म्हणे.

पोरगी वाचली. नवस मात्र राहिला. आज रजा नाही, उद्या साहेब नाही, परवा अक्कांचे गुडघे. नवस बोलताना माणसाला जेवढी घाई असते तेवढी फेडताना नसते. अशी वर्षे गेली. मग राज्यांची पुनर्रचना झाली, मध्यभारतही गेले, आणि तात्यांची कचेरी भोपाळला हलणार असे ठरले. तेव्हा कुठे तात्या दचकले. नव्या गावात, नव्या साहेबाकडे रजा कोण मागणार? ऐन वैशाखात निघायचे ठरले. प्रतिभा तोवर एकोणीस वर्षांची झाली होती. "माझ्यासाठीचा नवस आहे, मी येणार," म्हणून तीही निघाली, आणि दोघांना सांभाळायला श्रीनाथ.

रामघाटावर मला भरले. माझा आनंद पोटात मावत नव्हता. पण तात्यांनी झाकण घट्ट फिरवले, वर लाख ओतली आणि मला लाल खारव्याच्या कापडात शिवून टाकले. नवसाचे पाणी वाटेत उघडायचे नाही. तांब्या जमिनीला टेकवायचा नाही. त्यावर परक्याची सावली पडू द्यायची नाही. हे तेच तात्या, जे देवास गेटला कुणालाही पाणी पाजत होते. आणि तिघांना प्यायला काय? दोन कापडी छागली, म्हणजे पाण्याच्या पिशव्या. पाण्याचा तांब्या बरोबर असताना पाण्याची वेगळी सोय! माझ्या जातीचा याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही.

गावे टाळत, मजल दरमजल करत आम्ही डोंगराच्या पायथ्याशी आलो. तिथे एका चहावाल्याने वाट सांगितली. "गाँव-गाँव से निकल जाओ. झरने गाँव के पास ही हैं. ऊपर गरमी में एक बूंद नहीं मिलेगी." तात्यांनी मान डोलावली आणि चार पावले पुढे जाऊन म्हणाले, "गावातून गेलो की सावल्या आल्याच. आपण वरून जाऊ, डोंगराच्या धारेने."

"वर रस्ताच नाहीये, तात्या," श्रीनाथ म्हणाला.

"पणजोबा कुठे रस्त्याने गेले होते?"

झाले. पणजोबा कसे गेले हे पाहायला आमच्यापैकी कुणीच नव्हते, मीही नव्हतो, तरी त्यांच्या नावाने आम्ही वाट सोडली. पुढचे दोन दिवस मी जे पाहिले ते आठवले की आजही माझे पितळ तापते. सागाच्या वाळक्या पानांवरून पाय घसरत. खडकातून उतरायला दोन हातही पुरत नसत आणि एक हात तर मला धरण्यात अडकलेला. मुक्कामाला तिघे जमिनीवर आणि मी फांदीला टांगलेला. एक खोरे उतरावे तर ओढ्यात नुसते पांढरे गोटे. पुन्हा चढावे तर पलीकडे तसलेच दुसरे खोरे. दूर खाली कुठेतरी गावाचा धूर दिसे. तिकडे पाणी होते. तिकडे सावल्याही होत्या, म्हणून आम्ही तिकडे जात नव्हतो.

"तात्या, जरा खाली ठेवू द्या हो," श्रीनाथ वैतागून म्हणाला. "हात भरून आलाय. देवाला काय कळतंय?"

"देवाला कळत नाही तर आपण चाललोय कुणाकडे?" तात्यांनी मला त्याच्याकडून काढून घेतले आणि छातीशी धरले.

एक छागल करवंदीच्या जाळीत फाटली. दुसरी संपत आली. तात्या आपल्या वाटणीचे पाणी तोंडाला लावल्यासारखे करून प्रतिभाकडे सरकवत होते. मी त्यांच्या छातीशी होतो, घोट गिळल्याचा आवाज येत नाही हे मला कळत होते. पण मी सांगणार कसा? शेवटी एका उघड्या चढावर, भर दुपारी, तात्या मटकन बसले. अंगावर घाम नव्हता. ते श्रीनाथला 'साहेब' म्हणू लागले आणि त्याच्याकडे रजा मागू लागले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. त्यांच्या मांडीवर मी काठोकाठ भरलेला होतो.

"दादा, तांब्या काढ," प्रतिभा म्हणाली.

त्या शब्दाने तात्या शुद्धीवर आले. "हात लावायचा नाही."

"आता जिद करू नका. दर एकादशीला तुम्हीच गोष्ट सांगता ना? रामेश्वराची कावड होती, ती वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. सांगताना रडता तुम्ही."

"ते संत होते, बेटा. त्यांना देव ओळखत होता. मला कुठे ओळखतो?" तात्यांनी मला आणखी घट्ट धरले. "मी हे प्यायलो आणि तुला काही झालं तर?"

तेव्हा मला कळले की हा हट्ट देवासाठी नव्हताच. हा माणूस घाबरलेला होता, पोरीच्या तापाच्या दिवसांपासून.

"नवस माझ्या जिवाचा ना?" प्रतिभा म्हणाली. "मग पाणी माझं. मी कुणालाही देईन."

तिने कापड फाडले. पण झाकण हलेना. लाख आट्यांत उतरून दगडासारखी झाली होती. श्रीनाथने धोतराचा सोगा गुंडाळून जोर लावला, हात सोलून निघाला. मी जीव तोडून सैल होऊ पाहत होतो, पण पितळाच्या हातात काय असते? एवढे घट्ट तात्यांनीच मला केले होते. मग प्रतिभाने मला खडकावर आडवे धरले, धोंडा उचलला आणि घातला. दुसऱ्या घावाला लाख फुटली, आटे सुटले. तिने तात्यांचे तोंड उघडून धरले आणि थोडे थोडे करून पाणी ओतले. तात्या डोळे मिटून पीत होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होते. मी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा झालो. त्या क्षणाइतके भरल्यासारखे मला कधी वाटले नाही.

ऊन उतरल्यावर ते खालच्या गावात पोचले. तिथे झरा होता. गुहा तिथून फार लांब नव्हती, पण तात्या गेले नाहीत. "कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणाले.

घरी आल्यावर मला माळ्यावर टाकले. मी बाटलो होतो! तात्या भोपाळला गेले. प्रतिभा शिक्षिका झाली, तिचे उज्जैनलाच लग्न झाले, मी तिच्या घरच्या माळ्यावर आलो, तिला मुले झाली, आणि दर भेटीला तात्यांचा पहिला प्रश्न एकच, "बरी आहेस ना?" ती 'हो' म्हणायची आणि त्यांना ते खरे वाटायचे नाही. तिला साधी शिंक आली तरी त्यांचा चेहरा उतरायचा. माझ्या पाण्यावर हा माणूस जगला, पण जगण्याचे सुख त्याने घेतलेच नाही. मला याचाच संताप येई. माळ्यावर धूळ खाताना मी दुसरे करणार तरी काय होतो?

तात्या फार थकले तेव्हा प्रतिभाने त्यांना उज्जैनला आपल्या घरी आणले. उन्हाळा होता. एके दिवशी तिने मला माळ्यावरून काढले, चिंचेने घासले, माठातल्या पाण्याने भरले आणि त्यांच्या उशाशी आणले. तात्यांनी माझ्या पोच्यावरून बोट फिरवले.

"त्या दिवशी चव कळलीच नव्हती गं," ते म्हणाले. "भीतीने नुसतं गिळलं."

तिने त्यांना आधार देऊन बसवले. त्यांनी एक घोट घेतला, तोंडात धरला, मग गिळला. पुन्हा एक घेतला.

"प्रतिभा, हे तर नुसतं पाणीच आहे."

"हो, तात्या. पाणीच होतं."

त्यांनी मान हलवली आणि आणखी मागितले.

मित्रांनो, एवढेसे कळायला एका भल्या माणसाला सारा जन्म लागला, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. आता प्रतिभाची सून मला लखलखीत घासते आणि काचेच्या कपाटात ठेवते. पाहुणे वाहवा करतात. मला तुमची वाहवा नको. मला भरा, बरोबर न्या, आणि कुणी तहानलेला दिसला की विचार करत बसू नका, झाकण उघडा.