माशांमागून घुसलेले आगंतुक

मित्रांनो, मी बेलापुरातल्या रश्मीताईच्या टायपिंगच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर. अंग पिवळं पडलंय, पण खोडी गेलेली नाही. गिऱ्हाईक घाईत दिसलं की आपण गुपचूप हँग व्हायचं, ही माझी खास मजा! म्हणून दुकानात काहीही बिघडलं की नाव माझंच.

पंच्याण्णव साली नगरहून टेम्पोत बसून आलो, तेव्हा गाव बघायला लोटलं होतं. किती अर्ज, किती लग्नपत्रिका काढल्या! मग नव्याण्णवला इंटरनेट आलं आणि माझे हाल सुरू झाले.

ताईचे वडील भीमराज गुरुजी, निवृत्त मास्तर. त्यांनी एके दिवशी सकाळी इंटरनेटवरून पडद्यावर पोहणारे मासे फुकट उतरवून घेतले. माशांमागून चौकटी आल्या, बारीक इंग्रजीतल्या. हेही घ्या, तेही घ्या. प्रत्येकीत आधीच बरोबरची खूण! जन्मभर पेपर तपासलेला माणूस. म्हणाले, "समदं बरोबर हाय की!" आणि पुढं दाबत गेले.

झालं! आगंतुकांची टोळीच घुसली. एक जाहिराती नाचवायचा. दुसरा न विचारता फोन फिरवून मला इंटरनेटला जोडायचा. दुकानात माझी नि फोनची लाईन एकच.

नेमके त्याच दिवशी कोंडीरामभाऊ लेकीची, सीमाची, पत्रिका छापायला आले. पाथर्डीचे पाहुणे लग्नाची तारीख दुकानातल्या फोनवर कळवणार होते. दुपार झाली, फोन वाजेना.

"पाव्हनं फिरलं जनू," भाऊ फोनकडं बघत म्हणाले.

गुरुजींनी मला धपाटा घातला. "ह्याचीच नाटकं असत्यात!"

अहो, या वेळी माझी नव्हती! पण सांगू कुणाला?

शेवटी ताईनं रिसीव्हर उचलला. आत माझीच किरकिर. "आण्णा, लाईन यानंच धरलीय!" असं वडिलांना सांगत तिनं माझी फोनची वायर उपटली. थोड्या वेळानं घंटी वाजली, भाऊंनी फोन उचलला. पलीकडं पाथर्डीचे पाहुणे.

"काय वो, सकाळधरनं एंगेज! पोरगी द्यायची न्हाई तर सरळ सांगा. आमी दुसरीकडं बघतो!"

"तसं न्हाई वो पाव्हनं, ह्या मशिनीनं घात केला. तारीख तेवढी सांगा," भाऊ हात जोडून बोलत होते, जणू पाहुणे समोरच उभे.

तारीख मिळाली. भाऊंनी ती लगेच पत्रिकेसाठी ताईला सांगितली.

ताईनं त्या चौकटींचा उद्योग समजावला, तेव्हा गुरुजी माझ्या पडद्याकडे बघून म्हणाले, "ज्यानं पेपर लिव्हला, त्यानंच बरोबरच्या खुना केल्या. अन् मी पास करीत बसलो!"

मित्रांनो, फुकटचं खुशाल घ्या, पण चौकट वाचा. नको ती खूण काढा. कळलं नाही तर कुणाला तरी विचारा. मला आतून 'नको' म्हणता येत नाही हो. ते तुम्हालाच म्हणावं लागतं.