शिष्याची सासू

“भावजी, हे वाचता वाचता मला जांभई आली,” मेहुणी म्हणाली, आणि कागद टेबलावर ठेवून तिने खरोखरच जांभई दिली.

“कुठे आली? कोणत्या ओळीला?”

“पहिल्या.”

भिंगवाले हसले. त्यांना राग आला नाही. चष्म्याच्या काचा घासण्यात त्यांचा जन्म गेला होता. डोळ्यांवर चुकीची काच चढवून एखादा भिडेखातर ‘छान दिसतंय’ म्हणाला, की त्याचाच त्यांना जास्त त्रास व्हायचा. मेहुणी निवृत्त परिचारिका होती आणि चर्चच्या मंडळीच्या मासिकाची संपादिकाही. दोन्ही कामांत तिची पद्धत एकच. दुखेल का म्हणून विचारायचे नाही, सुई टोचून मोकळे व्हायचे.

मासिकाचे शेवटचे पान कित्येक वर्षे भिंगवाल्यांचे होते. शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एखादा उतारा घ्यायचा आणि त्यावर साध्या माणसाला कळेल असे काहीतरी लिहायचे. आमचे लोक मासिक मागून उघडतात, असे पाळकसाहेब स्वतःच हसून सांगत. पण बायको गेली आणि पान अडले. सुरुवातीला कुणी काही बोलले नाही. मग पाळकसाहेबांच्या प्रवचनांचे तुकडे त्या पानावर येऊ लागले. भिंगवाले रोज दुकानातून आले की पेन उघडून बसायचे. ‘प्रभू, एक तरी ओळ दे,’ म्हणायचे. ओळी यायच्या. सगळ्या धुऊन इस्त्री केलेल्या, पण आत माणूस नाही.

“या महिन्यात दिलं नाहीत तर पान गायनवृंदाला जाणार,” मेहुणी म्हणाली. “कमिटीनं ठरवलंय. कायमचं. मी भांडले असते हो, पण भांडायला माझ्या हातात काहीतरी हवं ना?”

“गायनवृंद काय लिहिणार?”

“सरावाच्या वेळा.”

भिंगवाल्यांना ते पान सोडवेना. प्रश्न मानापानाचा नव्हता. सभेत प्रार्थनेला उभे केले की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. देवाशी त्यांचे जे काही खरे बोलणे व्हायचे, ते त्या पानावरच. पान गेले तर ते दारच बंद.

या खेपेचा उतारा लहानसाच होता. एका शिष्याची सासू तापाने पडलेली असते. प्रभू तिचा हात धरून तिला उठवतो, ताप जातो, आणि ती लगेच सगळ्यांची सरबराई करू लागते. भिंगवाल्यांनी लिहिले होते, ‘बरे होताच सेवेला लागणारी ही माता आपल्यासाठी केवढा थोर आदर्श आहे.’

“थोर आदर्श!” मेहुणी म्हणाली. “वॉर्डात अशी पेशंट असती तर मी दटावून परत झोपवलं असतं तिला. ताप उतरत नाही तोच पाहुण्यांची ताटं वाढायची? घरात दुसरं कुणी नव्हतं? त्या जावयाला हात नव्हते?”

भिंगवाले तिच्याकडे बघतच राहिले.

“काय झालं? लागलं का माझं बोलणं?”

“नाही गं. तुझी बहीण हेच म्हणायची. अगदी जावयाच्या हातांसकट.”

“मग बरोबरच म्हणायची.”

“मी घरी आलो की ती विचारायची, ‘आज कुणाला शहाणपण शिकवणार?’ मी सांगायचो. मग भाजी चिरता चिरता ती माझा एकेक मुद्दा उडवायची. त्यातून काही उरलं, तर ते मी लिहायचो.”

“म्हणजे इतकी वर्षं अर्धं पान तिचं होतं म्हणा की.”

“अर्धं? सही तेवढी माझी.”

मेहुणी हसत उठली आणि तिने चहा ठेवला. भिंगवाले टेबलावरून हात फिरवत राहिले.

“पण या सासूच्या बाबतीत शेवटी तीच उलटली,” ते म्हणाले. आपण हे सांगणार आहोत, हे त्यांनाही ठाऊक नव्हते.

“ती कशी?”

“शेवटच्या दुखण्यात एका सकाळी ताप उतरला होता बघ. तू औषधं आणायला गेली होतीस. मी अंघोळ करून बाहेर येतो तर बाईसाहेब या खुर्चीत. पुढ्यात मटारच्या शेंगा. म्हटलं, ‘अगं, झोप की! तुला कुणी सांगितलं सोलायला?’ तर म्हणते, ‘कुणी सांगितलं नाही, म्हणूनच सोलतेय.’”

“तिचंच बोलणं हे.”

“बोटांत जोर कुठला? अर्धे दाणे जमिनीवर. मी टेबलाखाली रांगतोय आणि ही वरून हसतेय, ‘तो बघा, तो बघा, कपाटाखाली पळाला.’ मग जरा दम खाऊन म्हणाली…”

त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘अहो, त्या सासूसाठी मी उगाच इतकी वर्षं भांडले. तिला कुणी कामाला जुंपलं नव्हतं. तिला तिचं घर परत मिळालं होतं.’”

चहा उकळून वर आला. मेहुणीने गॅस बंद केला आणि ती तशीच पाठमोरी उभी राहिली. त्याच संध्याकाळी ताप पुन्हा चढला होता आणि मग उतरला नव्हता. ते दोघांनाही माहीत होते.

“मला कधी बोलला नाहीत.”

“त्या पानावर मटार चालतील असं वाटलं नव्हतं.”

“भावजी,” मेहुणीने पदराने नाक पुसले, “सरावाच्या वेळा चालणार आहेत. मटारांनी काय घोडं मारलंय?”

भिंगवाल्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिले, ‘माझ्या बायकोला ही गोष्ट मुळीच आवडत नसे.’ पेन थांबले नाही. मध्येच ते पुटपुटायचे, मान हलवायचे, एखादी ओळ खोडायचे आणि खोडल्यावर खूश व्हायचे. कागदाच्या दुसऱ्या बाजूला आल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आज पेन उघडताना प्रार्थना करायची राहूनच गेली. मग वाटले, हे चाललेय ते दुसरे काय आहे?

लिहून झालेला कागद मेहुणीने घेतला आणि ती चपला घालू लागली.

“अगं, वाच तरी. जांभई येते का बघ.”

“आत्ता नको. डोळे ठीक नाहीत माझे.”

“मग दुकानात ये, नंबर तपासतो.”

“नंबर ठीक आहे,” मेहुणी म्हणाली आणि बाहेर पडली.

जिन्यावर तिची पावले वाजू लागली आणि मधल्या वळणावर, खिडकीपाशी, थांबली. भिंगवाले दारात उभे होते. त्यांनी हाक मारली नाही. कागद उलटल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळाने पावले पुन्हा वाजू लागली, आधी सावकाश, मग नेहमीसारखी घाईघाईची. खालचे दार लागल्याचे ऐकू आले, तेव्हा त्यांनी वरचे लावून घेतले.