दिव्यावर न धरलेला डोळा

कपडे शिवणाऱ्या त्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावरच्या बायकांसाठी एक नियम होता. कुणी डोळ्यांची तक्रार केली, की मुकादम अंगठ्याने तिची खालची पापणी ओढून बघायचे. डोळा लाल असेल तर सुट्टी, पांढरा असेल तर कामावर! मुकादमांना सगळे मामा म्हणत, आणि मामांच्या अंगठ्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

चौदा वर्षं तिथे शर्ट तपासणारी एक बाई अचानक चुका करू लागली. तिच्या नजरेसमोर काळे ठिपके तरंगत होते, डाव्या डोळ्याला सगळं धुरकट दिसत होतं. तीन वेळा ती मामांकडे गेली आणि तिन्ही वेळा तोच निकाल लागला.

"पांढरेशुभ्र आहेत की डोळे! सोंगं करू नकोस."

घरी नवरा म्हणाला, "झोपत जा नीट." नणंद म्हणाली, "चष्मा लागला असेल, वहिनी." संताप येतो तो याचा! बाई स्वतःच्या तोंडाने सांगते आहे की मला दिसत नाही, आणि सगळे तिच्या डोळ्याचा रंग बघताहेत!

शेवटी तिने पास केलेले शर्ट गठ्ठ्याने परत आले. मामा भडकले. "चल डॉक्टरकडे! मीच येतो. तुझं ढोंग आज उघडंच पाडतो."

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब घातले आणि यंत्रातून बराच वेळ आत पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तोंड वारंवार येतं का? गुडघे सुजतात?"

"हो. पण त्याचा डोळ्यांशी काय संबंध?"

"मोठा संबंध आहे. शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटली आहे. कधी तोंडात, कधी सांध्यांत, कधी डोळ्याच्या आत सूज येते. सूज मागच्या बाजूला असली, की डोळा लाल होतोच असं नाही, दुखतोच असंही नाही."

"अहो, पण आमच्या कपड्यांच्या कारखान्यात मी स्वतः पापणी ओढून तपासलं होतं," मामा म्हणाले.

"तुम्ही कापड कसं तपासता?"

"दिव्यावर धरून. वरवर बघून विणीतला दोष कळतो होय?"

"मग हिचा डोळा वरवर बघून कसा पास केलात?"

मामांनी तो अंगठा मुठीत दडवला. मग त्यांनी हळूच विचारलं, "पहिल्यांदा म्हणाली तेव्हाच आणलं असतं तर?"

"डावा बहुधा वाचला असता. आता औषधांनी उजवा वाचवू या."

"मामा, मी तीनदा सांगितलं होतं," बाई एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. पापणी ओढायचा नियम त्यांनी त्याच दिवशी मोडीत काढला. आता डोळ्यांची तक्रार आली, की ते तक्रार करणाऱ्या बाईला थेट डॉक्टरकडे पाठवतात.

वाचकहो, दुखणं आपल्याला दिसत नाही म्हणून ते खोटं ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? माणूस सांगतो तेव्हाच त्याचं ऐका! उजव्या डोळ्यावर भागवून ती बाई आज कामावर येते. तिचा डावा डोळा अजूनही पांढराशुभ्र आहे. फक्त त्याने तिला दिसत नाही.