कापसात कोण रडतं

त्या साली कापसानं वऱ्हाडातल्या भल्याभल्यांची डोकी फिरवली होती. शके सतराशे पंच्याऐंशी. साता समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात गोऱ्यांची आपसात जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला, आणि अमरावतीच्या पेठेतले दलाल इकडच्या खेड्यापाड्यांत पाहुण्यासारखे येऊन बसू लागले. ज्याच्या अंगावर धड बंडी नव्हती तो रेशमी काठाचं धोतर नेसून वावरात जाऊ लागला. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या. माणसं मात्र तीच राहिली.

अमरावतीहून सहा कोसांवरच्या एका गावात नत्थुजींचं धाब्याचं घर होतं. भाव अजून चढेल म्हणून त्यांनी संक्रांतीपर्यंत कापूस विकायचा नाही असं ठरवलं. पण ठेवायचा कुठे? कोठा भरला, पडवी भरली, मग माजघरच आढ्यापर्यंत भरून टाकलं. पुढच्या ओसरीवरून मागच्या दारी जायला मधोमध एक बोळ तेवढी ठेवली, एक माणूस जेमतेम अंग चोरून जाईल इतकी. चूल परसात गेली. ठिणगीच्या भयानं घरात दिवा लावायची बंदी झाली. त्यामुळे भर दुपारीसुद्धा त्या बोळीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख असे.

काळोखाचं एक वेळ चालून गेलं असतं. पण त्या घरातून आवाजच नाहीसा झाला. हातातून तांब्या पडला तरी खणकन वाजेना. ओसरीवरून हाक मारली तर मागच्या दाराशी ती पोचायचीच नाही, आणि पोचलीच तर कुणी वेगळंच माणूस लांबच्या रानातून ओरडतंय असं वाटे. कापूस सगळं पिऊन टाकत होता.

नत्थुजींच्या बायकोला, सुभद्रेला, हे आवडलं नव्हतं. पण आवडनिवड सांगायची त्या घरात रीत नव्हती. त्यातून भाद्रपदात घरावर आभाळ कोसळलेलं. मुलगा सूर्यभान आणि सून वच्छला यांची एकुलती एक लेक, पाच वर्षांची रुख्मी, पटकीनं एका दिवसात गेली. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला नवस बोलून झालेलं पोर ते. सकाळी अंगणात नाचत होतं आणि दिवेलागणीला सूर्यभाननं त्याला नदीकाठी पुरलं होतं.

कार्तिकात वेचणीआधीच्या सीतादहीचा दहीभात वावरात शिंपडून पहिला कापूस घरी आला, तेव्हा नत्थुजींनी सगळ्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, "लक्ष्मी घरात आली हाय. आता घरात रडगानं नको. माल जाईस्तोवर पोरीचं नाव कोनी काढाचं नाई."

कुणी काढलं नाही. सुभद्रेलाही ते बरंच वाटलं. तोंडाला कुलूप लावलं की आतलं दुखणं आपोआप वाळून जाईल असा तिचा समज होता. तिनं स्वतः डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं आणि त्याचा तिला थोडा ताठाही होता.

वच्छलेनं मात्र बोलणंच सोडलं. अकोल्याकडची ती पोर, एरवी गळा मोकळा. आता हात चालत, तोंड नाही. दुपारची कामं आटोपली की ती ओसरीवर फणी आणि तेलाची वाटी घेऊन बसे. समोर कुणी नसे. तरी ती बोटांनी हवेत तीन पेड धरून वेणी घाले, शेवटी गाठ मारी, आणि पाठ थोपटून त्या रिकाम्या जागेला उठवून देई. ते पाहून सुभद्रेच्या अंगावर काटा येई. माहेरी धाडावं, तर गाड्या सगळ्या कापसाला जुंपलेल्या.

पौषातल्या एका दुपारी सुभद्रा कापसाच्या भिंतीवर हात टेकत त्या बोळीतून चालली होती. हात एकाएकी आत गेला. तिथं एक खळगा होता. तिनं चाचपून पाहिलं. कपाळाएवढी जागा, मध्ये नाकाएवढं भोक, खाली हनुवटीचा खोलगट दाब. कुणीतरी तोंड रुतवून ठेवावं तसा. आणि आतला कापूस ओला होता.

छताची गळती असेल म्हणावं, तर पौषात कसली गळती? तिनं बोट जिभेला लावलं. खारट लागलं. ओलही कोमट होती.

तिनं भिजलेला कापूस उपसून उकिरड्यावर टाकला आणि कोरडा कोंबला. तिसऱ्या दिवशी खळगा पुन्हा तिथंच. मागच्या दाराकडच्या टोकाला, तिच्या डोक्याच्याही वर, आणखी एक. ती तिथं उभी असतानाच कापसाच्या आतून आवाज आला. अगदी बारीक, दम लागल्यासारखा, हुंदका गिळल्यासारखा. पाच वर्षांच्या पोरीचा असावा तेवढाच. सुभद्रा बोळीतून कशी बाहेर पडली ते तिचं तिला कळलं नाही.

शेजारच्या तानुबाईला तिनं हे सांगितलं आणि तिथंच चूक केली. तानुबाईच्या पोटात गोष्ट राहत नसे.

"पोरगी मायले न्याले आली हाय," तानुबाई डोळे विस्फारून म्हणाली. "तुह्या सुनेच्या अंगात शिरली ते. पाह्यत नाई का, वेनी कोनाची घालते? भगताले बोलाव. नाईतं सून बी जाईन हातची."

तीन कोसांवरचा भगत आला. वच्छलेच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "शनिवारी भर दुपारी कपायावर इळ्याचा डाग द्या लागते. तापून लाल झाला पायजे." नत्थुजी ऐकून तंबाखू मळत बसले. सूर्यभान म्हणाला, "तुमाले पटते ते करा," आणि उठून गेला. सुभद्रेनंच होकार दिला. सुनेच्या भल्यासाठी देतोय असं तिनं मनाला बजावलं, पण खरं सांगायचं तर तिला त्या आवाजाची भीती वाटत होती.

शुक्रवारी दुपारी तिनं वच्छलेला ओसरीवर बसवलं आणि समोर ठाण मांडून बसली. आज हिला नजरेआड होऊ द्यायचं नाही. बाप्ये वावरात होते. वच्छलेनं फणी घेतली, पेड घातले, गाठ मारली. आणि तेवढ्यात आतून, माजघरातून, लांबच्या रानातून यावा तसा तो हुंदका आला.

सुभद्रेनं वच्छलेकडे पाहिलं. ती समोर होती. तिचे ओठ मिटलेले होते.

पळून जावं असं सुभद्रेला वाटलं. पण उद्याचा तापलेला विळा डोळ्यांपुढे आला. सून इथं आणि रडणं तिथं, मग डाग कुणाच्या पापाचा? ती उठली आणि काळोखात शिरली. एकेक पाऊल टाकत गेली तसा आवाज मोठा होत गेला. पोरीचा वाटेना. जाड, घोगरा, छातीतून खरवडून निघालेला. तिनं हात पुढे केला आणि तिच्या बोटांना ओली मिशी लागली.

"कोन हाय?" मिशीवाला दचकून म्हणाला.

ते नत्थुजी होते. मागच्या दारानं आले होते.

"अवो, तुमी?" सुभद्रेनं हात मागे घेतला.

"कापूस पाहाले आल्तो," ते म्हणाले. मग भिंतीला कपाळ टेकून खाली बसले. "रोज येतो म्या. इथं कोनाले आयकू जात नाई. पन ते पोरगी बी रडते व आतून. म्या थांबलो का ते रडते. म्या म्हनलं, मलेच न्याले आली."

सुभद्रा काही बोलणार, तोच मागच्या दाराकडून पावलं वाजल्यासारखी झाली. कुणीतरी बोळीत शिरलं होतं, चाचपडत, थांबत. आणि मग अंधारातून हलकी, घाबरलेली, लाडानं मारलेली हाक आली.

"रुख्मे? बेटा, तू हायेस का?"

सूर्यभानचा आवाज होता तो. चार महिन्यांनी ते नाव त्या घरात उच्चारलं गेलं. वरचा खळगा त्या उंच पोराचा, खालचा त्याच्या बापाचा. बोळीच्या एका टोकाला एक जण रडला की दुसऱ्या टोकाच्याला ते कापसातून झिरपत कानावर येई, आणि तो ती पोर समजून गार पडे. दोघंही एकमेकांना भूत समजत होते आणि कुणीही कुणाला विचारलं नव्हतं.

"म्या तिले पानी देऊ देल्लं नाई," नत्थुजी एकदम म्हणाले. "वैदबुवा म्हने पटकीत पानी देलं का मानूस जाते. पोरगी पानी पानी करत गेली."

सुभद्रेला तो दिवस आठवला. वच्छला तांब्या घेऊन धावली होती. सासऱ्यांनी नको म्हटलं, आणि तिची मनगटं घट्ट धरून ठेवली ती सुभद्रेनं. पोर शांत होईपर्यंत धरली होती.

"उद्याचा डाग थांबवा लागते," ती म्हणाली.

नत्थुजींनी उपरण्यानं मिशी पुसली. "साऱ्या गावाले बलावनं गेलं हाय. काय सांगू त्याईले? नत्थुजी बायकावानी रडते म्हनून? तोंड दाखवाले जागा नाई राहनार. तू काई बोलू नोको." सूर्यभान मान खाली घालून उभा होता.

शनिवारी दुपारी अंगण गच्च भरलं. कापसापासून दूर, विहिरीच्या बाजूला शेणी पेटवल्या होत्या. विळा लाल झाला. दोघीजणींनी धरून वच्छलेला आणलं, पण धरायची गरजच नव्हती. ती सांगितलं तिथं मुकाट बसली. भगतानं तिचा पदर मागे सारला, केस मुठीत धरून तोंड वर केलं. ती विळ्याकडे अशी बघत होती की जणू तो दुसऱ्याच कुणासाठी आणलाय. सुभद्रेनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी नजर जमिनीत घातली. मुलाकडे पाहिलं. तो विहिरीकडे बघत होता.

सुभद्रेला मग संताप आला. अशा पुरुषांचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती लोकांना सारत पुढे गेली आणि वच्छलेच्या पुढ्यात फतकल मारून बसली.

"डाग द्याचाच हाय तं आधी मले दे," ती भगताला म्हणाली. "मंग माह्या मालकाले, मंग पोराले. कापसात हेच रडतात. पोरगी नाई आली कुठून. घरात रडाची बंदी म्हनून हे चोरून रडतात. हिनं तं तेवढं बी नाई केलं."

अंगणात कुजबुज उठली. तानुबाईनं तोंडावर पदर घेतला. कुणीतरी हसलं. नत्थुजी उभे राहिले. आता ते तिला फरफटत आत नेतील असं सगळ्यांना वाटलं, तिलाही वाटलं. त्यांनी डोक्याचं पागोटं काढलं, हातात धरलं आणि म्हणाले, "खरं हाय. रडलो म्या. नातीसाठी रडलो."

हसणारा गप्प झाला. भगतानं विळा विहिरीकडच्या ओल्या मातीत खुपसला आणि तो चर्र करत विझला.

"तिनं पानी मांगलं होतं."

कुणाचा आवाज, ते क्षणभर कुणालाच कळलं नाही. चार महिने न वापरलेला घसा होता तो. सुभद्रा मागे वळली. वच्छला तिच्याकडेच बघत होती.

"तुमी माहे हात धरले, आत्याबाई."

वैदबुवा म्हणाले होते, मालकांनी सांगितलं होतं, हे सगळं सुभद्रेच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"धरले, बाई," ती म्हणाली. "म्याच धरले."

वच्छलेनं मूठ वळली आणि सासूच्या छातीवर मारली. मग दुसऱ्या हातानं मारली. मग दोन्ही हातांनी, भान सोडून, ओरडत, रुख्मे, रुख्मे करत मारू लागली. सूर्यभान सोडवायला धावला तसं सुभद्रेनं त्याला हातानं मागे लोटलं. तो आक्रोश अंगणातून गल्लीत, गल्लीतून वेशीपर्यंत गेला. घराबाहेर होता म्हणून कुणी तो पिऊन टाकला नाही. मारता मारता सुनेचे हात थकले, तेव्हा सुभद्रेनं तिला ओढून पोटाशी धरलं. आणि मग त्या ताठ बाईच्या तोंडून असा हंबरडा फुटला की तानुबाईसुद्धा मटकन खाली बसली.

रुख्मीला जाऊन चार महिने झाले होते. त्या घरानं तिचं सुतक धरलं ते त्या दिवशी.