तीन दरपत्रकं

सरकारी वाहिनीच्या चौथ्या मजल्यावर काम न करण्याचेही नियम होते, आणि तेवढे मात्र काटेकोर पाळले जात. सतरा वर्षं तिथे एडिटिंग करणाऱ्या बाईंना ते तोंडपाठ होते. लोक आपणहून बघत असा वाहिनीवर एकच कार्यक्रम उरला होता, ‘दुरुस्ती’. लोक बंद घड्याळं, मुके रेडिओ घेऊन यायचे आणि मास्तर ते कॅमेऱ्यासमोर दुरुस्त करायचे. हात चालू असताना तोंड बंद, कधी कधी तीन-तीन मिनिटं. ती शांतता बाईंनी कधी कापली नाही.

मास्तरांचा करार संपत आला, तशा बाई साहेबांकडे गेल्या.

“साहेब, खासगी वाहिनीवाले मास्तरांभोवती घिरट्या घालताहेत. आजच सही करा.”

“घाई नको, बाई. काहीही घ्यायचं तर तीन दरपत्रकं लागतात.”

“खुर्च्या घेताना, साहेब! मास्तर एकच आहेत.”

“नियमात खुर्ची आणि मास्तर असा फरक नाही,” साहेब समाधानाने म्हणाले. “कसा माणूस हवा त्याचं वर्णन तुम्हीच लिहा. आपण दरपत्रकं मागवू.”

बाईंनी मनातल्या मनात साहेबांचा उद्धार केला आणि लिहायला बसल्या. लिहिता लिहिता राग विसरल्या. दीड पान झालं. मास्तरांना कळवावं असं एकदा वाटलं, पण कागदी सोपस्कार तो, उगाच त्या भल्या माणसाच्या डोक्याला ताप कशाला, म्हणून राहून गेलं.

खरेदी विभागाच्या यादीत तीन पत्ते होते. एक कंपनी कधीच बंद पडलेली, दुसरी पडदे पुरवणारी, आणि तिसरी तीच खासगी वाहिनी. चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या द्यायच्या, त्याही सही-शिक्क्यानिशी, हे या मजल्यालाच जमावं.

आठ दिवसांत मास्तर तिकडे गेले.

“निष्ठाच राहिली नाही हो माणसांत,” साहेब म्हणाले. नाचता येईना अंगण वाकडं.

नव्या वाहिनीवरचा पहिला भाग सगळ्या ऑफिसने कॅन्टीनमध्ये बघितला, साहेबांनी पुढची खुर्ची धरून. मास्तरांच्या शांततेवर ढोल बडवले होते. घड्याळ चाळीस सेकंदांत सुरू झालं आणि लगेच साबणाची जाहिरात आली. बाईंना रडू आलं, आणि त्या रडण्याचाही राग आला.

“आपणही असाच नवा कार्यक्रम काढू,” साहेब वळून म्हणाले. “बाई, वर्णन तयारच आहे. तीच यादी चालेल.”

बाई उठून जिन्यात आल्या. तेवढ्यात फोन वाजला. मास्तर होते.

“बघितलंत? ढोल माझे नाहीत हं.” मग ते म्हणाले, “त्यांनी मला तुमच्या ऑफिसचा कागद दाखवला. याच कामासाठी दुसरा माणूस शोधताहेत, म्हणाले. मग मी सही केली. इतक्या वर्षांनी तोंडावर नको म्हणायला जड गेलं असेल तुम्हाला.”

“मास्तर, तसं नव्हतं...”

“असू दे हो. पण कागद झकास होता. बारीक स्क्रू बसवताना मी श्वास रोखतो, तेसुद्धा होतं त्यात. इतकं कुणी बघितलं मला? कुणी लिहिला हो तो?”

मास्तर फोन धरून थांबले. गप्प राहायची त्यांना सवय होती.